इटलीचा रकाना

माणसाला वयाप्रमाणे काही ना काही खूळ लागतं. मला २०२४ च्या जानेवारीत एक नवं लागलं. रोज सकाळी चहा घेताना, बरोबर ८० वर्षांपूर्वी त्या तारखेला दुसऱ्या महायुद्धात काय काय झालं ते वाचायचं आणि एका लांबड्या वहीत टिपून ठेवायचं. वहीत सहा रकाने आखले होते : रशिया, फ्रान्स, इटली, ब्रह्मदेश, चीन आणि पॅसिफिक. (फ्रान्सचा रकाना जूनपर्यंत बहुतेक रिकामाच होता, तिथे नुसती बॉम्बफेक.) बायको म्हणायची, लोक सकाळी शेअरचे भाव बघतात, तू हे बघ. मुलीने तर सरळच विचारलं, "बाबा, शेवट माहीत असलेली मालिका कोण बघतं?"

प्रश्न बरोबर होता. पण गंमत अशी की, रोजचं रोज वाचायला लागल्यावर शेवट माहीत असूनही विसरायला होतं. पुस्तकांमध्ये युद्ध प्रकरणांमध्ये विभागलेलं असतं. आधी रशिया संपवायचा, मग नॉर्मंडीला यायचं, जपानचं शेवटी. दिवस मात्र असा विभागलेला नसतो. २२ जून १९४४ ही तारीख घ्या. रशियाच्या रकान्यात त्या दिवशी बेलारूसमधली सोव्हिएत फौजांची प्रचंड चढाई सुरू झाली, 'बाग्रातिओन' नावाची. आणि ब्रह्मदेशाच्या रकान्यात, त्याच दिवशी, कोहिमाकडून उतरणारी फौज आणि इंफाळमधून वर येणारी फौज एकमेकींना रस्त्यावर भेटल्या आणि इंफाळचा वेढा उठला. मधे हजारो मैलांचं अंतर. मी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पुस्तकांत वाचल्या होत्या, पण त्या एका दिवशीच्या आहेत हे शेजारी शेजारी लिहीपर्यंत कधी लक्षातच आलं नव्हतं.

या सगळ्यात इटलीच्या रकान्याचे मोठे हाल. मे महिन्यापर्यंत तो भरलेला असायचा, कॅसिनोच्या लढाया चालू होत्या. ४ जूनला दोस्त सैन्य रोममध्ये शिरलं. केवढी मोठी बातमी! पण दोनच दिवसांनी, ६ जूनला, नॉर्मंडीचं आक्रमण झालं आणि रोम पहिल्या पानावरून गेलं ते गेलंच. पुढे तर तिथल्या फौजाही कमी केल्या. दक्षिण फ्रान्समध्ये ऑगस्टमध्ये उतरायचं ठरलं होतं, त्यासाठी इटलीतून सात डिव्हिजन काढून घेतल्या. उरलेल्यांनी डोंगर चढत जर्मनांना उत्तरेकडे रेटत राहायचं. जर्मन एक डोंगर सोडायचे, मागच्या डोंगरावर मशीनगन मांडायचे, पूल उडवायचे, रस्त्यात सुरुंग पेरायचे. अशा लढाईची बातमी होत नाही. माझ्या वहीतही जुलैत तो रकाना पुष्कळदा "डोंगरात चकमकी" एवढ्यावर भागायचा. कधी कधी तर खालच्या दिवसाला नुसते '' काढून मोकळा.

१० जुलैला मात्र मी थांबलो. कारण ती तारीख मला ठाऊक होती.

मुंबई-गोवा रस्त्याने गेलेल्यांना माणगाव माहीत असेलच. आमचं आजोळ माणगाव तालुक्यातलं. लहानपणी मे महिन्यात एसटीने उतरलो की मामा हमखास तिथल्या पुतळ्याकडे बोट दाखवायचा. "हा आपला यशवंत घाडगे. पळसगावचा." आपला म्हणजे तालुक्यातला, नात्यातला नव्हे. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, वय २२. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला त्यांच्या कंपनीने एका ठाण्यावर हल्ला केला. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनमधला प्रत्येक जण पडला किंवा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे घाडगे. ते तसेच मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, मग टॉमीगनने एकाला मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. ठाणं हातात आलं आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते तिथेच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह मात्र सापडल्याची नोंद नाही. कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांच्या कबरी माहीत नाहीत अशा चार हजारांवर लोकांच्या यादीत, त्यांचं नाव आहे.

त्या दिवशी इतरत्र काय चाललं होतं? नॉर्मंडीत कां शहराचा उत्तर भाग आदल्या दिवशी पडला होता आणि १० तारखेला 'टेकडी ११२' साठी झुंज लागली होती. सायपान बेट जिंकल्याचं अमेरिकनांनी आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं. लिथुआनियात विल्नियसच्या रस्त्यारस्त्यांवर लढाई चालू होती. चीनमध्ये हेंगयांगला वेढा. हे सगळं त्या तारखेच्या माझ्या आधारग्रंथात होतं. घाडगे नव्हते. मी इटलीच्या रकान्यात ते लाल शाईने लिहिलं आणि मोठ्या उत्साहाने मामाला फोन लावला.

मामाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं केलंस. आपल्याकडचा पण एक आहे ना त्यातलाच. आजीचा भाऊ. त्याचं काय लिहिलंस?"

काय लिहिणार? मला तो माहीत होता तो फक्त सर्वपित्रीच्या पानावरून.

आजीचा थोरला भाऊ. घरात त्याला सगळे 'लष्करातला मामा' म्हणतात. (नाव इथे लिहीत नाही, घरच्यांना ठाऊक आहे.) मराठा पलटणीत गेला आणि इटलीहून परत आलाच नाही. आजी तेव्हा नऊ वर्षांची. १९४४ च्या गणपतीच्या थोडं आधी सरकारी पत्र आलं. ते इंग्रजीत होतं. शेजारच्या गावच्या मास्तरांना बोलावून वाचून घेतलं. मास्तरांनी सांगितलं ते एवढंच की मुलगा इटली देशात लढाईत गेला. त्यावर्षी घरात गणपती आणला नाही, हे आजीला आठवतं. तारीख मास्तरांनी सांगितली असणार, पण आईवडलांच्या कानात ती शिरली नाही. मागाहून विचारावं तर विचारणार कोणाला. पत्र ट्रंकेत राहिलं, पुढे २००५ च्या पावसात ट्रंकेसकट त्याचा लगदा झाला.

म्हणजे तिथी नाही. ज्याची तिथी माहीत नाही त्याचं सर्वपित्री अमावास्येला करतात, तसं आजीच्या माहेरी करत आले. आजी आपल्या घरीही एक वेगळं पान वाढते आणि कौलावर ठेवते. कावळा लवकर शिवला नाही तर पुटपुटते, "माहीत नाय ना रे आम्हाला, म्हणून आज." लहानपणी आम्हाला त्याचं हसू यायचं. कावळ्याला कसली कारणं सांगायची!

फोन ठेवला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. सहा महिने मी जगभरची डिव्हिजनं हलवत होतो आणि घरातल्या माणसाची तारीख शोधायचं डोक्यातही आलं नव्हतं.

शोधणं तसं अवघड गेलं नाही. राष्ट्रकुलाच्या युद्धकबरींचा एक आयोग आहे, दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांच्या नोंदी तो ठेवतो आणि त्या कोणालाही पाहता येतात. अडचण फक्त स्पेलिंगची. आपली आडनावं साहेबाच्या कारकुनाने कशी कशी लिहिलीत ते पाहून हसावं की रडावं कळत नाही. एकाच आडनावाची चार रूपं. मी दहा-बारा संध्याकाळी त्यात घालवल्या. शेवटी २५ जुलैच्या रात्री सापडला. शिपाई, पाचवी मराठा, पुढे वडलांचं नाव, गावाचं नाव (त्याचंही वाटोळं केलेलं) आणि त्यापुढे 'जंजिरा'. आमचा तो भाग तेव्हा जंजिरा संस्थानात होता. स्मारक : कॅसिनो. मृत्यूची तारीख : २० जुलै १९४४.

मी वही उघडली. २० जुलैचं पान पाचच दिवसांपूर्वी लिहिलेलं होतं आणि गच्च भरलेलं होतं. कारण १९४४ च्या उन्हाळ्यातला सगळ्यात गाजलेला दिवस तोच. त्या दुपारी १२ वाजून ४२ मिनिटांनी पूर्व प्रशियातल्या मुख्यालयात कर्नल श्टाउफेनबर्गने ब्रीफकेसमध्ये ठेवलेला बॉम्ब फुटला आणि हिटलर वाचला. त्यावर पुस्तकं आहेत, चित्रपट आहेत, टेबलाचा पाय कुठे होता आणि ब्रीफकेस कोणी सरकवली याचे नकाशे आहेत. मी तो मिनिटागणिक उतरवून काढला होता. त्याखाली : बग नदीपर्यंत पोचलेली सोव्हिएत फौज, ब्रोडीजवळ कोंडीत सापडलेले जर्मन. फ्रान्समध्ये कांच्या पूर्वेला ब्रिटिशांची रणगाड्यांची मोठी चढाई पावसाने आणि चिखलाने थांबलेली. पॅसिफिकमध्ये ग्वाम बेटावर तोफांचा भडिमार, दुसऱ्या दिवशी तिथे अमेरिकन उतरणार. दोन दिवसांपूर्वी तोजोने राजीनामा दिलेला. इंफाळहून मागे फिरलेले जपानी भर पावसात, उपाशी, चिंदविन नदीकडे चाललेले. हेंगयांगचा वेढा अजून चालूच.

आणि इटली? त्या रकान्यात माझ्याच अक्षरात एक ओळ होती. "मुसोलिनी आज दुपारी हिटलरला भेटायला गेला. हिटलरने त्याला स्फोटाची खोली दाखवली."

खरंच आहे ते, घडलेलं आहे. पण ती ओळ वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. इटलीत त्या दिवशी काय झालं, तर इटलीचा माजी हुकूमशहा इटलीच्या बाहेर कोणालातरी भेटला! तेव्हा दहावी भारतीय डिव्हिजन त्याच टायबरच्या खोऱ्यात चित्ता दी कास्तेल्लो या गावाच्या दिशेने एकेक टेकडी घेत चालली होती. गाव पडलं २२ तारखेला. लष्करातला मामा नेमका कुठल्या टेकडीवर होता ते मला सांगता येणार नाही. पण एवढं कळलं की, मी ज्याला "डोंगरात चकमकी" म्हणून एका ओळीत उडवत होतो, तो त्या ओळीत होता.

एक गोष्ट इथे मोकळेपणाने लिहितो. आमच्या घरात त्याचा फोटो कधी लागला नाही. एक तर फोटो नव्हताच, पण असता तरी लागला असता का, शंका आहे. १९४७ नंतर त्याचं करायचं काय ते कोणाला नीट कळलं नाही. तो इंग्रजांच्या सैन्यात होता. त्याच जुलैत गांधीजी नुकतेच कैदेतून सुटून पाचगणीला विश्रांती घेत होते, आणि साताऱ्याच्या गावागावांत नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. म्हणजे एकाच मुलखातली पोरं, काही इंग्रजांविरुद्ध भूमिगत, काही इंग्रजांच्या बाजूने इटलीत, आणि इंफाळच्या बाहेर तर समोर आझाद हिंद सेना. मराठा रेजिमेंट एकच, पण तिच्या पलटणी कुठे कुठे! १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनला एक, १९४२ मध्ये टोब्रुकला एक कैद झालेली, मार्च १९४४ मध्ये नागा टेकड्यांत सांगशाकला एक. १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीच्या बांधावर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तेही इटलीतच. सक्ती कोणावर नव्हती, सगळी भरती स्वेच्छेची. पण स्वेच्छा म्हणजे काय, हे जमीन किती गुंठे आणि तोंडं किती यावर असतं. आजीला विचारलं, तो का गेला गं? ती म्हणाली, "पगार यायचा ना घरी." त्यापुढे मी काही विचारलं नाही.

तर तारीख सापडली. आता तिथी. मी संगणकावर २० जुलै १९४४ चं पंचांग काढलं आणि पुन्हा एकदा बघितलं, कारण माझा विश्वास बसेना. आषाढ अमावास्या. दिव्याची अवस. आणि त्या दिवशी सूर्यग्रहण! कंकणाकृती, पूर्व आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून भारत, ब्रह्मदेश करत पॅसिफिककडे गेलेलं. माझ्या सहा रकान्यांतल्या किती जणांवरून ती सावली गेली असेल! मी ते वहीत लिहिलं नव्हतं, कारण ग्रहण म्हणजे काही लष्करी घडामोड नव्हे.

४ ऑगस्टला, २०२४ ची दिव्याची अवस होती त्या दिवशी, मी मामाकडे गेलो. आजी नव्वदीला टेकलेली. ऐकू कमी येतं, पण एकदा ऐकलं की समजतं सगळं. ओसरीवर बसली होती, पुढ्यात पितळी समया आणि निरांजनं, चिंच लावून घासणं चालू. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. आजी, तारीख सापडली. दिव्याची अवस होती. गिराणपण होतं त्या दिवशी.

तिने समई खाली ठेवली.

"गिराण? सकाळचंच अंधारून आलंवतं ते?"

तुला आठवतंय?

"नाय आठवायला काय झालं. पाऊस होता, काय दिसला नाय. पण आईनं कणकेला हात लावू दिला नाय गिराण सुटंपर्यंत. दिवे घासून पाटावर मांडून ठेवलेले. मी भुकेनं रडत होते. गुळाचे दिवे खायचे होते मला." मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे मी दिव्यांसाठी रडत होते आणि तिकडे दादा..."

पुढे ती काही बोलली नाही. आम्हीही नाही. मामीने येऊन पाण्याचा तांब्या ठेवला.

मग आजीचा खरा प्रश्न आला. आता सर्वपित्रीला करायचं नाही का? इतकी वर्षं चुकीच्या दिवशी वाढलं का पान? मला उत्तर येईना. मामाने गावातल्या गुरुजींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. गुरुजींनी आधी विचारलं, किती वाजता गेले? आम्ही म्हटलं, नोंद फक्त तारखेची आहे. ते म्हणाले, "मग सूर्योदयाची तिथी धरायची. अमावास्या. आणि अमावास्येला गेलेल्यांचं पक्षातलं श्राद्ध सर्वपित्रीलाच येतं. तुमचं बरोबरच होत होतं."

मामाने ते आजीच्या कानात मोठ्याने सांगितलं. तिने दोनदा सांगायला लावलं. "बरोबर होतं?" "हो गं, बरोबरच होतं." मग ती परत समई घासायला लागली. जरा वेळाने स्वतःशीच म्हणाली, "ऐंशी वर्सं त्या कावळ्याला उगीच माफी मागत होते."

तेव्हा मात्र सगळेच हसलो, आजीसुद्धा. डोळे पुसत.

त्या संध्याकाळी पाटावर दिवे मांडले तेव्हा कणकेचा एक दिवा तिने जास्त केला, गुळाचा. तो कोणाला खाऊ दिला नाही. माझ्या मोबाइलवर मी तिला एक फोटो दाखवला. जुलै २०२३ मध्ये इटलीत मोंतोने नावाच्या गावाने यशवंत घाडग्यांचं स्मारक उभारलं, त्याचा. ते सूर्यघड्याळ आहे. त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली. आपल्या सैन्याने त्यावेळी आकडे दिले होते ते असे : इटलीत लढलेले भारतीय सुमारे ५०,०००, गेलेले ५,७८२. तिथे मिळालेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. आजीने फोटो लांब धरून पाहिला. "ह्यात दादाचं नाव हाय?" नाही गं, म्हटलं, त्याचं नाव दुसरीकडे, कॅसिनोला, तिथे पुष्कळ जणांची आहेत. "त्यांच्या घरी कळलंय का तारखा?"

काय सांगणार?

२ ऑक्टोबरला सर्वपित्री होती. मामाचा फोन आला. आजीने या वर्षी कौलावर दोन पानं ठेवली. एक दादाचं. दुसरं कोणाचं विचारलं तर म्हणाली, त्याच्याबरोबरच्यांचं, ज्यांचं कोणाला ठाऊक नाय त्यांचं.

वही मी सप्टेंबर १९४५ पर्यंत नेली, म्हणजे आपल्या २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत. शेवट ठरल्याप्रमाणेच झाला, मुलगी म्हणाली होती तसा. २० जुलैच्या पानावर मुसोलिनीची ओळ तशीच ठेवलीय, खोडली नाही. तिच्याखाली लाल शाईने एक नाव आहे, गाव आहे, आणि आषाढ वद्य अमावास्या.